नाव आमच्यापाशीच राहील

“तुम्ही म्हणाला होतात, नाव कुणाला कळणार नाही. मग कळलं कसं?”

फोनवरच्या बाईने हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं. फौजदारबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, कुणाचं नाव?

“माझ्या धाकट्या जावेचं. लॉन्ड्रीतली, इस्त्रीच्या रोलरवरची. चादरी चोरल्याचा आळ घेतला आणि कामावरून हाकलली. त्या संध्याकाळपासून ती घरी नाही. फोन बंद.” बाई जरा थांबली. “लॉन्ड्रीत लावलेल्या पोस्टरवर तुमचाच नंबर आहे ना? की तोही उगीच?”

फौजदारबाईंना ती धाकटी चांगलीच आठवत होती. बारीक अंगाची, बोलताना सारखी दाराकडे बघणारी. महिन्याभरापूर्वी याच धाकटीने त्यांना सांगितलं होतं की लॉन्ड्रीच्या मागच्या दाराला साखळी घालतात, आणि आत आग लागली तर आम्ही सगळ्या भाजून निघू. शेवटी विचारलं होतं, माझं नाव निघणार नाही ना? आणि फौजदारबाईंनी तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, नाव आमच्यापाशीच राहील.

त्यांनी घरचा पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवला.

पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्या या कंपनीत लागल्या होत्या. कंपनी कारखान्यांना कर्ज द्यायची, आणि कर्ज देताना एक अट घालायची. आमची माणसं येऊन तुमच्या कामगारांशी बंद दाराआड बोलतील, आणि कोण काय बोललं ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. कारखाने कुरकुर करायचे, पण अट मान्य करायचे. हे काम बघणाऱ्या विभागाचं नाव होतं मानवी हक्क विभाग. विभाग म्हणजे दोन माणसं. एक फौजदारबाई, दुसरे साहेब. पोलिसातल्या जुन्या ओळखीचं कुणी भेटलं की बाई म्हणायच्या, तिथे लोकांना बोलतं करण्यात जन्म गेला, इथे बोललेल्यांना झाकण्यात जाणार. हे म्हणताना त्यांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटायचा. आज वाटला नाही.

त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेब भला माणूस, हे सगळेच म्हणायचे. एके काळी या कंपनीची वसुलीची माणसं कर्जदारांना ऐन जेवणाच्या वेळी फोन करून नको नको ते बोलायची. साहेबांनी भांडून ते बंद केलं. आता कंपनीतून कुणालाही फोन जायचा तो दहा ते पाच याच वेळेत, आणि समोरच्याच्या पडद्यावर कंपनीचं नाव ठळक उमटायचं, म्हणजे लपवाछपवी नको. दोनच आठवड्यांपूर्वी एका मोठ्या सभेत या सगळ्यावर साहेबांचं भाषण झालं होतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

बाईंनी सांगितलेलं ऐकताना साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

धाकटीचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी ते याच खोलीत, दार लावून, फक्त साहेबांच्या कानावर घातलं होतं. म्हणजे नाव दोन डोक्यांत होतं. बाईंनी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. तुम्ही कुणाला सांगितलंत का, असं त्यांनी साहेबांना विचारलं.

“मी कशाला सांगेन?” साहेब म्हणाले.

“काळजीचा फोन झाला तिला?”

विभागाची ही पद्धत होती. जो कुणी बोलला, त्याला पुढे काही दिवसांनी साहेब स्वतः फोन करायचे. सगळं ठीक आहे ना, कुणी त्रास देत नाही ना, एवढंच विचारायचे.

“राहिलाय. या आठवड्यात करणारच होतो.” साहेबांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. “तुम्ही मॅनेजरला धरा. घरच्यांना विचारा, तिनेच कुणाजवळ तोंड उघडलं असेल. फाटकावरच्या त्या घोगऱ्या वॉचमनच्या नादी मात्र लागू नका, फुकट वेळ जाईल.”

साहेब स्वतः लॉन्ड्रीत कधी गेले नव्हते. वाफेने त्यांना दम लागायचा, त्यामुळे कारखान्यांच्या फेऱ्या बाईंच्याच वाट्याला यायच्या. बाई मान हलवून निघाल्या.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. फोन करणारी थोरली जाऊ त्याच लॉन्ड्रीत होती, नुकतीच कामावरून आली होती. पायांतल्या चपला तशाच, केसांचा बुचडा अर्धा सुटलेला, छातीवर घडी विभागाच्या मुकादमिणीचा कोरा बिल्ला. आतल्या खोलीत पलंगावर सासूबाई बसल्या होत्या. खांदे धरल्यामुळे त्यांचे हात छातीच्या वर जात नव्हते. घास भरवायचा तोसुद्धा सुनेनेच, असं थोरलीने सांगितलं. धाकटी होती तोवर सकाळी निघण्याआधी त्यांचं सगळं करायची. आता ती नाही. थोरली उजाडता निघते ती संध्याकाळी परतते, घरातले दोघे पुरुष त्याच्याही आधी बाहेर पडतात. “दिवसभर एकट्या असतात. माझ्याच डोक्याला फणी लागत नाही, यांच्याकडे कधी बघू?”

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. म्हातारीने त्यांच्याकडे एकदा रोखून बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पाठीवर वेणी होती. बारीक, घट्ट, एक केस इकडचा तिकडे नाही.

 बाई थोरलीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या.

“ती लॉन्ड्रीबद्दल बोलली, हे घरात कोणाला माहीत होतं?”

“मला. एकटीलाच.”

“नवऱ्याला?”

“छे. त्याला सांगितलं असतं तर त्याने आधी घाबरून नोकरीच सोडायला लावली असती.”

“तुम्ही कुणाला बोललात?”

थोरलीचा चेहरा लाल झाला. “मी? माझ्या पोरीची शपथ, नाही.”

“मग तुम्हाला घडीच्या विभागाची मुकादमीण कधी केलं?”

थोरलीने खाली बघितलं. “ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.” मग एकदम म्हणाली, “मी मागितलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही.”

  

“चादरी निघाल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“तिच्याच मागे. रांगेत. सुटताना पिशव्या बघतात. सुपरवायझरने तिची पिशवी घेतली आणि सगळ्यांसमोर उपडी केली. डबा पडला, आणि त्याच्यावर चादरी.”

“कशा होत्या?”

“मळक्या. रक्ताचे डाग. हॉस्पिटलच्या होत्या ना. असा वास सुटला की बायकांनी नाकाला पदर लावले.”

“आणि तुम्ही?”

थोरलीने हाताची बोटं मोडली. “ती वळून माझ्याकडे बघत होती. मी मान फिरवली आणि बाहेर पडले. मला वाटलं, चोराची जाऊ म्हणून मलाही काढतील.”

“आणि त्यानंतर ती घरी आलीच नाही?”

“नाही.”

“फोनवर तुम्ही म्हणालात, त्या संध्याकाळपासून नाही. मी विचारते, त्या संध्याकाळी?”

आता थोरली रडायला लागली. धाकटी आली होती, दारापर्यंत. तिच्याआधी बातमी पोचली होती. तिचा नवरा उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, मी लोकांना तोंड कसं दाखवू ते आधी सांग. ती आल्या पावली परत गेली. थोरली आत स्वयंपाक करत होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं, पण तिला ते जमलं नाही.

तेवढ्यात तो नवरा घरी आला. बाईंना बघून दारातच थबकला. ती सापडली तर घरात घ्याल का, असं बाईंनी विचारलं. चोरी केली नाही असं कुणी चारचौघांत म्हटलं तर, तो जमिनीकडे बघत पुटपुटला. बाईंना त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. पोलिसात असताना दिलीही असती.

लॉन्ड्रीचं फाटक दुसऱ्या दिवशी सकाळी. आत जाताना प्रत्येकाने आपला फोन फाटकावर ठेवायचा. तिथे भिंतीला लाकडी कपाट होतं, खणांवर आकडे. बाईंनीही आपला फोन दिला.

खोलीतला वॉचमन गळ्याला रुमाल बांधून होता. घशाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आवाज कोरड्या पानांसारखा. इथे लागून फार दिवस झाले नव्हते. मोठ्या कौतुकाने त्याने बाईंना आपलं काम समजावलं. पूर्वी फोन बंद करून ठेवायचे. कुणाचं पोर शाळेत पडलं, कुणाची आई दवाखान्यात गेली, तर बाईला ते सुटल्यावर कळायचं. आता फोन चालू असतात. वाजला की तो उचलतो, निरोप घेतो आणि आत पोचवतो. त्यासाठीच त्याला ठेवलंय. आजवर एकही निरोप चुकवलेला नाही.

बाईंना हे ठाऊक होतं. ही सुधारणा त्यांनीच मागून घेतली होती, दाराची साखळी काढायच्या मागणीच्या जोडीला. त्यांनी वॉचमनला शाबासकी दिली आणि आत गेल्या.

मॅनेजर गुळगुळीत बोलणारा होता. धाकटी तुमच्याशी बोलली होती का, असं त्यानेच उलट विचारलं. आम्हाला कसं कळणार? अट तुमचीच. मागच्या दाराची साखळी तर तुमचं पत्र आल्यावर आम्ही लगेच काढली, बघून या. चोरी ही चोरी, तिचा आणि त्याचा काय संबंध?

बाईंनी कारखाना बघायला मागितला.

एका टोकाला मळक्या कपड्यांची खोली. हॉस्पिटलची गाठोडी तिथे उतरायची. रोगराई पसरू नये म्हणून दाराला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात. आतल्या बायका हातमोजे घालून काम करायच्या आणि त्यांना निराळ्या दाराने सोडायचे. मधे धुण्याची यंत्रं. पार दुसऱ्या टोकाला इस्त्रीचे रोलर आणि त्यांच्या पलीकडे घडीची टेबलं, पांढऱ्याशुभ्र चादरींचे ढीग. रोलरवर धाकटीच्या जागी नवीन बाई होती. तिच्या हाताशी दिवसभर कोऱ्यासारख्या चादरी यायच्या आणि घडीच्या टेबलावर त्या मोजून घ्यायचे.

बाई मॅनेजरच्या केबिनमध्ये परत आल्या तोच वॉचमन धापा टाकत दारात आला.

“बाई, तुमच्या फोनवर तुमच्या कंपनीतून फोन आला. नाव आलं होतं पडद्यावर. मी म्हटलं, बोला, निरोप देतो. तर समोरच्याने खाडकन ठेवूनच दिला.” त्याने घसा चोळला. “तुमच्याकडे असंच करतात का?”

“तू फाटकावर जा,” मॅनेजर म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

बाई उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मॅनेजरला वाटलं, बाईंना हात हलवत परत जावं लागतंय म्हणून. त्याने चहा विचारला. बाईंनी नको म्हटलं.

दुपारी त्या पुन्हा त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. थोरली कामावर होती, पुरुष बाहेर होते. बाईंनी दार वाजवलं नाही, हळूच म्हणाल्या, “मी एकटीच आहे. वेणी फार छान घालतेस तू.”

आत काहीतरी खाली पडलं. मग दार उघडलं. धाकटीच्या हातात फणी होती.

सासूबाई पलंगावरून कडाडल्या. माझ्या सुनेला नेलंत तर बघा म्हणाल्या. हात वर होत नव्हते, पण आवाज होत होता. त्यांचं बोलणं ऐकून बाईंना सगळा उलगडा झाला. धाकटी एका मैत्रिणीकडे झोपत होती. घर रिकामं झालं की यायची, म्हातारीला आंघोळ घालायची, जेवू घालायची, आणि इतर परतण्याआधी जायची. म्हातारीने तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्या पोराला अक्कल नाही, हे त्याची आई म्हणून मीच सांगते, असंही तिने ऐकवलं.

धाकटीने बाईंना बसायला सांगितलं नाही.

“तुम्ही सांगितलंत?”

“नाही.”

“मग?”

“आधी मला तुझा फोन बघू दे.”

धाकटीने फोन काढून चालू केला. बाईंना हवं होतं ते पडद्यावर सापडलं. त्यांच्या कंपनीचं नाव, आलेला फोन, उचललेला. तारीख झडतीच्या बरीच आधीची, साहेबांच्या भाषणाच्या आदल्या दिवशीची. वेळ भर दुपारची.

“हा मी उचललेला नाही,” धाकटी म्हणाली. “सुटल्यावर नाव दिसलं. वाटलं, तुम्हीच केला असेल. उलटा लावला तर लागत नाही, त्या नंबरवर बाहेरून फोन जातच नाही. सुपरवायझर त्या दिवसापासून माझ्याकडे वेगळंच बघत होता. मी रोज वाट बघत होते, तुम्ही परत कराल म्हणून.”

फौजदारबाईंनी आयुष्यात खूनही पाहिले होते. पण या एका वाक्यापुढे त्यांना मान वर करता येईना. म्हातारीच्या पलंगाच्या कडेवर त्या बसल्या आणि म्हणाल्या, “तुला काय हवंय ते सांग. नोकरी, भरपाई, काहीही.”

“ज्या फाटकात माझी पिशवी उपडी केली, तिथेच सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणा की मी चोर नाही. मग मी घरी जाईन. नाहीतर अशीच येत-जात राहीन.”

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चौघंजण जमली. साहेब, लॉन्ड्रीचा मॅनेजर, थोरली आणि फौजदारबाई. कर्जाचा उरलेला भाग अडकेल म्हटल्यावर मॅनेजर वेळेआधीच आला होता.

“आधी चादरींचं बोलू,” बाई म्हणाल्या. “मळक्या होत्या. डागाळलेल्या. आता मला सांगा, जिच्या हातांखालून दिवसभर स्वच्छ चादरी जातात ती बाई रक्ताने माखलेल्या कशाला चोरेल? आणि आणेल कुठून? त्या खोलीला कुलूप आहे, किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात. तो या टोकाची बाई त्या टोकाला जाऊ देत नाही.”

मॅनेजर म्हणाला, हे सगळं अंदाजाने चाललंय.

“अंदाज नाही. आळ घ्यायला स्वच्छ चादर उचलली असती तर घडीच्या टेबलावर मोजणीत कमी पडली असती, आणि तिथून कुणी उचलली याची चौकशी झाली असती. मळक्या गाठोड्यांत किती आहेत ते उतरताना कुणी मोजत नाही. म्हणून त्या घेतल्या. हे ज्याच्या डोक्यात आलं त्याच्याकडे किल्ली होती, आणि ज्याने हुकूम दिला तो इथे बसलाय. मी काल संध्याकाळी सुपरवायझरला गाठलं. त्याने तुमच्यासाठी फार वेळ कळ काढली नाही.”

मॅनेजरने रुमालाने कपाळ पुसलं. थोरलीने तोंडाला हात लावला होता. ती घडीची बाई होती. चादरी मळक्या आहेत हे तिने स्वतः पाहिलं होतं आणि तरी तिच्या डोक्यात हे आलं नव्हतं, किंवा तिने येऊ दिलं नव्हतं. बाईंनी तिच्याकडे वळून शांतपणे सांगितलं की तुम्हाला मुकादमीण केलं ते मुद्दाम. घरात भांडण लागलं, नाव फोडल्याचा संशय तुमच्यावर गेला, की बाकी कुणाकडे कुणी बघणार नाही. माझाही गेला होता. त्याबद्दल माफ करा.

“पण नाव?” थोरलीने विचारलं. “नाव यांना कुणी दिलं?”

मॅनेजर हसला. हरलेला माणूस दुसऱ्याला ओढून घेताना हसतो तसा. “ते मला काय विचारता? यांच्याच ऑफिसातून आलं ते.”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहत बोलल्या. “तीन चांगल्या गोष्टी होत्या. कंपनीने ठरवलं, फोन दहा ते पाचमध्येच करायचा, लोकांना त्रास नको. कर्जदारासाठी ते बरोबर आहे. पण ही बाई दहा ते पाच रोलरवर असते. दुसरी, पडद्यावर आपलं नाव दिसलं पाहिजे, लपवाछपवी नको. आणि तिसरी माझी. बायकांचे फोन फाटकावर वाजले तर कुणीतरी उचलून निरोप द्यावा. तो वॉचमन आपल्याच आग्रहावरून नेमला. या तिन्हींची गाठ एका दुपारी पडली. फोन वाजला, कंपनीचं नाव उमटलं, आणि वॉचमनने उचलला. कालच मी त्याला विचारलं. तो म्हणाला, समोरचा माणूस घाईने बोलून गेला, तुम्ही आमच्याशी बोललात त्यावरून कुणी त्रास देत नाही ना? त्याने घोगऱ्या आवाजात सांगितलं, त्या आत आहेत, निरोप देतो. समोरून फोन बंद. बिचाऱ्याने इमानाने निरोप पोचवला. सुपरवायझरकडे.”



“वॉचमन काल रडला,” बाई म्हणाल्या. “त्याला आजवर माहीतच नव्हतं आपण काय केलं ते.”

“कुणी केला तो फोन?” थोरलीने विचारलं.

आता बाईंनी साहेबांकडे पाहिलं. “तुम्ही लॉन्ड्रीत कधी गेला नाहीत. तो वॉचमन माझ्या तिथल्या फेरीनंतर लागला. मी त्याच्याबद्दल कधी बोलले नव्हते. मग त्याचा आवाज घोगरा आहे हे तुम्हाला कसं कळलं, साहेब?”

साहेबांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

“बाईंचा आवाज नाही हे मला अर्ध्या वाक्यात कळलं होतं,” ते म्हणाले. “मी फोन ठेवला.  मग स्वतःला सांगितलं, त्याच्या काय लक्षात येणार.”

“चूक कुणाच्याही हातून होते,” बाई म्हणाल्या. “फोन ठेवला तेव्हा ती चूक होती. त्याच दुपारी मला सांगितलं असतंत तर मी तासाभरात तिथे जाऊन उभी राहिले असते. झडती झाली नसती. तुमच्या हातात कितीतरी दिवस होते.”

“दुसऱ्या दिवशी भाषण होतं.” साहेबांचा आवाज जेमतेम ऐकू आला. “मी त्यात म्हणणार होतो की आजवर एकही नाव आमच्याकडून बाहेर गेलं नाही.”

“आणि म्हणालात.”

“म्हणालो.”

थोरली उठली. ती साहेबांकडे बघत राहिली. त्या नजरेत राग थोडा आणि ओळख जास्त होती. ऐन वेळी मान फिरवणारं माणूस तिने आरशात रोज पाहिलं होतं. साहेबांनी शरमेने डोळे मिटले.

त्याच संध्याकाळी सुटायच्या वेळी फाटकात सगळ्या बायका थांबवल्या. मॅनेजरने कागदावरून वाचलं की चोरी झाली नव्हती, चादरी सुपरवायझरने माझ्या सांगण्यावरून घातल्या होत्या. वाचताना दोनदा अडखळला. कारखान्याच्या मालकाने त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं, सुपरवायझरलाही.

मग साहेब पुढे झाले. फाटकातून वाफ येत होती, त्यांना दम लागला होता. कंपनीच्या वतीने, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं, आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. “ही बाई चोर नाही. ती तुमच्यासाठी बोलली. तिचं नाव माझ्यामुळे फुटलं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो.”

धाकटी सासूबाईंना धरून बाजूला उभी होती. म्हातारीने हट्टाने रिक्षा करून यायला लावलं होतं. थोरली बायकांच्या रांगेतून बाहेर आली आणि धाकटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिने माफी मागितली नाही, धाकटीच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. धाकटीचा नवरा फाटकाबाहेर होता. म्हातारीने त्याला सगळ्यांदेखत जे काही ऐकवलं त्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. धाकटीही हसली, आणि मग रडली.

साहेबांना त्या हसण्याने जरा धीर आला असावा. त्यांनी घसा साफ केला. कंपनीची पद्धत बदलली आहे म्हणाले, यापुढे तुम्ही सांगाल त्याच वेळी, तुम्ही सांगाल तिथेच बोलू. “आत्ताही कुणाला काही सांगायचं असेल तर या बाई इथे आहेत. दार लावून बसू.”

हसू बंद झालं. कुणी एकमेकींकडे पाहिलं नाही. समोरच्या बाईने कपाटातल्या खणातून आपला फोन घेतला, पदर सारखा केला आणि चालायला लागली. तिच्यामागून दुसरी. मग सगळ्या. एका बाईच्या दोन्ही हातांना नव्याने भाजल्याच्या खुणा होत्या. फौजदारबाई आपल्याकडे बघत आहेत हे लक्षात येताच तिने हात पदराखाली घेतले.

फाटक रिकामं झालं. साहेब आणि फौजदारबाई गाडीत बसले. गाडी सुरू झाल्यावर साहेब म्हणाले, “थोडे दिवस जाऊ द्यावे लागतील. मग बोलतील त्या. नाही का?”

फौजदारबाईंनी खिडकीची काच वर केली.

“मी त्यांच्या जागी असते तर बोलले नसते,” त्या म्हणाल्या.